क्रेस्टफॉलन, बोल्टचे आटे आणि माझी फजिती : 'निराश'ला इंग्रजीत नेमकं म्हणायचं काय?

सातारी_कंदी (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९.१०

मंडळी, आधी किस्सा सांगतो, मग प्रश्न.

मी साताऱ्याच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात एक्स्पोर्टचं बघतो. आम्ही स्टड आणि बोल्ट करतो, बराचसा माल जर्मनीला जातो. शाळा झेडपीची, नंतर डिप्लोमा. इंग्रजी वाचता येतं, मेल लिहिता येतो, बोलायची वेळ आली की घाम फुटतो. म्हणून गेल्या दिवाळीपासून मोबाइलवर रोज एक अवघड शब्द पाठ करायचा नेम धरलाय. चहा होईपर्यंत एक शब्द. बायको म्हणते, दूध उतू गेलं तरी तुमचा शब्द काही संपत नाही.

मागच्या महिन्यात आमचा एक कंटेनर न्हावाशेव्याला वेळेत पोचला नाही, जहाज चुकलं. ग्राहकाला कळवायचं काम माझ्याकडे. 'सॉरी' लिहून लिहून कंटाळलो होतो. त्या दिवशीचा शब्द होता क्रेस्टफॉलन. ॲपमध्ये अर्थ दिलेला : निराश, खिन्न, नाउमेद. म्हटलं, वा! लिहून टाकलं, 'वी आर क्रेस्ट फॉलन टू इन्फॉर्म यू...' वर दोन शब्दांमध्ये जागा सोडली, कारण मला तेच बरोबर वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिकडच्या क्वालिटीवाल्याचं उत्तर. माल उशिरा येतोय याबद्दल अवाक्षर नाही. त्याने विचारलं होतं, कुठल्या बॅचचा क्रेस्ट गेलाय? किती नग? फोटो पाठवा आणि ८डी रिपोर्ट कधी देताय ते कळवा.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी : बोल्टच्या आट्याचा जो वरचा माथा असतो त्याला क्रेस्ट म्हणतात, दोन आट्यांमधल्या खाचेच्या तळाला रूट. माथा दबला किंवा चेपला की रिंग गेज, म्हणजे आटे तपासायचं कडं, अडतं, नट बसत नाही. त्या भल्या माणसाला वाटलं, कंटेनरभर एम १२ बोल्टांचे (१२ मिलीमीटरवाल्या) आटे गेलेत आणि आम्ही दुःखी अंतःकरणाने कबुली देतोय. ८डी म्हणजे दोष कशामुळे आला, तो पुन्हा येऊ नये म्हणून काय केलं, याचा आठ टप्प्यांचा जबाब. तो न झालेल्या दोषाचा कसा देणार? साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. पुढचं लिहीत नाही.

आता प्रश्न. डिसअपॉइंटेड, डिस्करेज्ड, डिसहार्टन्ड, डिजेक्टेड, डिस्पॉन्डंट, क्रेस्टफॉलन. माझ्या ॲपमध्ये सगळ्यांपुढे तेच 'निराश, खिन्न, उदास', नुसता क्रम बदललेला. मग सहा शब्द केले कशाला? आणि लक्षात कसे ठेवायचे?

घाटमाथा | सोमवार, ९.२२

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). न झालेल्या दोषाचा ८डी! आमच्याकडे हे झालं असतं तर मूळ कारणाच्या रकान्यात 'शब्दसंग्रह' लिहावं लागलं असतं.

शेवगा | सोमवार, ९.५५

सातारी, हसले त्याबद्दल माफ करा. तीस वर्षं नववी-दहावीला इंग्रजी शिकवलं, त्यामुळे हसण्याचा थोडा हक्क आहे असं समजते.

तुमची चूक इंग्रजीची नाहीच. तुमच्या ॲपने मराठी चुकीचं दिलं. क्रेस्टफॉलनला मराठीत 'निराश' नाही, 'हिरमुसलेला' म्हणतात. आता सांगा, मराठीत पत्र लिहायचं असतं तर 'कंटेनर चुकल्याचे कळवताना कंपनी हिरमुसली आहे' असं लिहिलं असतंत का? मराठीत जे कानाला खटकतं ते इंग्रजीतही खटकतं, फक्त तिथे आपला कान तयार नसतो.

मेलपुरतं आधी सांगते. धंद्याच्या पत्रात मनाची अवस्था सांगायची नसते. 'वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू' हे इस्त्रीचं वाक्य आहे, तेच घालायचं. किंवा सरळ 'वी आर सॉरी', आणि लगेच पुढचं जहाज कधीचं ते. ग्राहकाला तारीख हवी असते.

आता शब्द. गेल्या महिन्यात आमच्या नातवाच्या शाळेत स्नेहसंमेलनाच्या भूमिका वाटल्या. त्याने महिनाभर आरशासमोर शिवाजी महाराजांचे संवाद म्हटले होते, उशीच्या अभ्र्याचा शेला करून. मिळालं झाडाचं काम. संध्याकाळी दारातून आत आला तेव्हा दप्तराचा एक पट्टा कोपरापर्यंत घसरलेला, खालचा ओठ किंचित पुढे, आणि नजर थेट चपलांच्या स्टँडवर. 'काय झालं रे' विचारलं तर म्हणाला, 'काही नाही. झाडाला बोलायचं नसतं.' हा क्रेस्टफॉलन. पंधरा मिनिटांपूर्वी ताठ असलेलं काहीतरी एकदम पडलंय आणि ते बघणाऱ्याला दिसतंय. म्हणून इंग्रजीत बहुतेकदा 'ही लुक्ट क्रेस्टफॉलन' असं येतं. स्वतःबद्दल हा शब्द फारसा कुणी वापरत नाही, कारण स्वतःचा चेहरा स्वतःला दिसत नसतो. आणि कंपनीला तर चेहराच नसतो.

रात्री वरणभाताबरोबर तो विसरलाही. तेही या शब्दात बसतं. हिरमुसणं टिकत नाही.

बाकीचे उद्या लिहिते, डोळे दुखायला लागले.

स्पष्टवक्ता_०७ | सोमवार, १०.३०

मराठी संकेतस्थळावर इंग्रजी शब्दांची शिकवणी. चालू द्या.

घाटमाथा | सोमवार, १०.३४

काका, धाग्यात आतापर्यंत हिरमुसणं आलं, नाउमेद आलं, खिन्न आलं, आटे आले. जरा थांबा, मराठीचीच शिकवणी होणार आहे.

अंडी_उबवणी | मंगळवार, सकाळी ६.४०

कोंबड्यांना दाणे टाकून आलो आणि धागा दिसला. या विषयावर मला बोलता येईल असं कधी वाटलं नव्हतं.

क्रेस्ट म्हणजे तुरा, हे सगळ्यांना माहीत असेलच. मूळ लॅटिन शब्द क्रिस्टा. शब्द जुना आहे, सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रजीत सापडतो. झुंजीत हरलेल्या कोंबड्याचा तुरा पडतो म्हणून क्रेस्टफॉलन, असं सांगतात. ते झुंजीचं कितपत खरं ते कोशवाल्यांनी ठरवावं. घोड्याच्या मानेवर आयाळ उगवते त्या उंचवट्यालाही क्रेस्टच म्हणतात, त्यामुळे घोडेवालेही हक्क सांगू शकतात.

पण पक्षी पाळणारा म्हणून एक सांगतो. तुरा म्हणजे कोंबडीचं आरोग्यपत्रक. लालबुंद, टवटवीत असला की पक्षी खुशीत. फिका पडला की रक्त कमी, बहुधा पोटात जंत किंवा अंगावर गोचीड. पिसं झडायच्या दिवसांत अंडी थांबतात तेव्हा तुरा आक्रसून जातो. मी सकाळी खुराड्याचं दार उघडलं की आधी तुरेच बघतो, आमची हजेरी तिथेच होते.

आणि गंमत बघा. व्हाइट लेगहॉर्न जातीची कोंबडी ऐन अंड्यावर असते तेव्हा तिचा तुरा मोठा होऊन एका डोळ्यावर कलंडतो. म्हणजे शब्दशः बघायला गेलं तर सगळ्यात जास्त अंडी देणारी, सगळ्यात मजेत असलेली कोंबडी हीच क्रेस्टफॉलन! इंग्रजीवाल्यांनी कोंबडा बघितला, कोंबडीला विचारलंच नाही.

सातारी_कंदी | मंगळवार, ८.१५

दादा, प्रणाम. मला आता हा शब्द जन्मात विसरायचा नाही. शिरपेचात मानाचा तुरा खोवला म्हणतो, तोच गळून पडला की क्रेस्टफॉलन. इतकं सोपं होतं तर!

पाणिनीचा_शेजारी | मंगळवार, ११.०५

धागा बघून राहवलं नाही. लांब लिहितोय, कंटाळा आला तर खाली सरकवा.

इंग्रजीत उमेद गेल्याचे बरेच शब्द हे शरीर खाली जाण्याचे आहेत. डिजेक्टेड म्हणजे लॅटिनमध्ये 'खाली फेकलेला'. रिजेक्ट, इंजेक्ट, प्रोजेक्ट यांतला 'जेक्ट' म्हणजे फेकणं, तोच हा. (सातारी, तुमच्या रिजेक्शनच्या बिनचा हा सख्खा भाऊ.) डिस्करेजमधलं करेज हे काळजाच्या शब्दावरून आलं, म्हणजे डिसहार्टन आणि डिस्करेज यांच्यात एकच गोष्ट दोन वाटांनी आलीय : काळीज काढून घेणं.

पण माझा लाडका डिस्पॉन्डंट. लॅटिनमध्ये 'स्पॉन्डेरे' म्हणजे वचन देणं. स्पॉन्सर म्हणजे हमी घेणारा. स्पाउज, म्हणजे नवरा किंवा बायको, मूळ अर्थाने जिचा वाङ्निश्चय झालाय ती. रिस्पॉन्ड म्हणजे वचनाला उलट वचन. आणि 'डेस्पॉन्डेरे' म्हणजे वचन देऊन टाकणं, मुलगी देऊ करणं. त्याला 'मन' जोडलं की अर्थ होतो धीर सोडणं. साखरपुडा करून स्वतःचं मनच दुसऱ्याच्या घरी पाठवून दिलं, आता आपल्याकडे काही नाही. डिस्पॉन्डंट माणूस बघितला की मला रिकाम्या झालेल्या माहेरच्या खोलीची आठवण येते.

आता आपल्याकडे या. विषण्ण. वि अधिक सद्. सद् म्हणजे बसणं, लॅटिन 'सेडेरे' आणि इंग्रजी 'सिट' याच घराण्यातले. मन बसलं की विषाद. गीतेच्या पहिल्या अध्यायाचं नावच अर्जुनविषादयोग, आणि तो खरोखरच शेवटी धनुष्य टाकून रथात खाली बसतो. पण त्याच सद् ला प्र लावा, प्रसन्न! पाण्यातला गाळ खाली बसला की पाणी नितळ होतं, संस्कृतात त्या नितळ पाण्यालाही प्रसन्न म्हणतात. गाळ खाली बसला तर प्रसन्न, आपणच गाळात बसलो तर विषण्ण. हिंदीत अवसाद म्हणजे गाळही आणि डिप्रेशनही. इंग्रजी सेडिमेंट त्याच मुळाचा.

अजून एकच. डॉन्टेड म्हणजे दबकलेला. मूळ अर्थ माणसाळवलेला, काबूत आणलेला. आपलं दमन त्याच धातूचं नातेवाईक. इंडॉमिटेबल आणि अदम्य हे जवळजवळ अक्षराला अक्षर जुळणारे शब्द आहेत, हे शाळेत कुणी सांगितलं असतं तर मी इंग्रजीत ३५ वर थांबलो नसतो.

शेवगा | मंगळवार, १२.२०

शेजारी, सुरेख. पण एक मास्तरी टोचणी : शब्दाची कुंडली म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे. मुलांना मी व्युत्पत्ती सांगायचे ती लक्षात राहावं म्हणून. वापर मात्र वाक्यांतूनच शिकावा लागतो. नाहीतर कुणीतरी साखरपुड्याच्या पत्रिकेत डिस्पॉन्डंट छापेल.

काल राहिलेलं लिहिते.

डिसअपॉइंटेड हा रोजच्या वापराचा. अपेक्षाभंग. बस चुकली, आंबा आंबट निघाला. नव्वद टक्के वेळा हाच हवा असतो, आणि मुलांना तो 'सोपा' म्हणून नको असतो.

डिसहार्टन्ड किंवा डिस्करेज्ड तेव्हा, जेव्हा एखादं काम चालू आहे आणि ते पुढे रेटण्याची उमेद गेली. सातारी, रोज शब्द पाठ करूनही मेल चुकतोच, या भावनेला हा. मराठीत नाउमेद, किंवा हात गळणं.

डिजेक्टेड म्हणजे खिन्न, पडेल. हरलेला संघ मैदानातून परततो तेव्हा वर्तमानपत्रवाले हा लिहितात.

डिस्पॉन्डंट खोल आणि लांब चालणारा. खचलेला. चेहऱ्यावर दिसेलच असं नाही.

पुढचं अव्ययही शब्दाबरोबरच पाठ करायचं. डिस्पॉन्डंट अबाउट किंवा ओव्हर, डिसहार्टन्ड बाय, क्रेस्टफॉलन ॲट. आणि एक चूक जी मी तीस वर्षं लाल पेनाने गोल केली : 'आय ॲम डिसअपॉइंटिंग'. म्हणजे 'मी लोकांची निराशा करणारा प्राणी आहे'. आपल्याला म्हणायचं असतं डिसअपॉइंटेड. आयएनजी त्या निकालाला, ईडी आपल्याला. डिस्पॉन्डंट आणि क्रेस्टफॉलन यांना ही भानगडच नाही, हा त्यांचा एक मोठा गुण.

पहाटेची_लायब्ररी | मंगळवार, रात्री १०.५०

मी पुण्यात अभ्यासिकेत बसते, स्पर्धा परीक्षा. आमच्याकडे समानार्थी शब्द विचारतात, चार पर्यायांत एकच जवळचा असतो. तिथे छटा लागत नाहीत. त्यामुळे माझ्या वहीत हे सगळे एका पानावर आहेत, पानाचं नाव 'रिझल्टनंतर'.

पण शेवगाताईंचं वाचून एक आठवलं. माझी रूममेट. पहिल्या वेळी यादीत नाव नव्हतं तेव्हा ती रडली, जेवली नाही, दुसऱ्या दिवशी केस कापून आली आणि नवीन टाइमटेबल भिंतीला लावलं. ते डिसअपॉइंटेड धरू. या वर्षी तिसरी वेळ. पीडीएफ उघडली, सीट नंबर टाकून शोधला, काही सापडलं नाही. तिने पुन्हा टाकला, एकेक आकडा बघत. मग लॅपटॉप मिटला आणि मला विचारलं, 'गॅसवर दूध ठेवलंयस का गं?' आवाज नेहमीचा. पंधरा दिवस झाले, पुस्तकं उघडली नाहीत, रद्दीतही दिली नाहीत. भिंतीवरच्या टाइमटेबलचा एक कोपरा सुटलाय, तो रात्री पंख्याने फडफडतो आणि आम्ही दोघी ऐकत पडतो.

डिस्पॉन्डंट मला पाठ होता. कळला आत्ता.

धुक्यातली_मालवणी | बुधवार, पहाटे ३.१५ (आमच्याकडे मंगळवार रात्रच)

लायब्ररी, रूममेटला एकटी सोडू नकोस गो बाय. तिला रोज खाली चहाला घेऊन जा, बोलली नाही तरी चालेल. आणि तिचे दिवस असेच जाऊ लागले तर कुणा डॉक्टरला भेटवा, त्यात लाज कसली.

मी लीड्सला नर्स आहे. इथे राहून जे कानावर येतं ते सांगते. क्रेस्टफॉलन मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही, पुस्तकात वाचलाय. बोलताना लोक म्हणतात 'गटेड'. मॅच हरली, गटेड. सुट्टी रद्द झाली, गटेड. म्हणजे बांगड्याचं पोट फाडून आतलं सगळं काढून टाकतो ना आपण, तसं झालं. मला पहिल्यांदा ऐकल्यावर घरची विळीच डोळ्यांसमोर आली. शब्द बोलीतला आहे, मेलमध्ये नको हां सातारीभाऊ, नाहीतर जर्मन विचारेल बोल्टला भोक का पाडलं.

आणि उलटंही असतं. वॉर्डात म्हातारा पेशंट म्हणतो, 'अ बिट लो'. ऐकायला एवढंसं. सुरुवातीला मी पुढच्या पलंगाकडे निघून जायचे. सिस्टरनेच थांबवलं, म्हणाली या पिढीतला माणूस 'बिट' म्हणतो तेव्हा खुर्ची ओढून बसायचं. त्यामुळे मोठा शब्द म्हणजे मोठं दुःख, असा काही हिशेब नाही.

पहाटेची_लायब्ररी | बुधवार, ७.३०

हो ताई. काल रात्रीच तो कोपरा चिकटवला. ती बघत होती. काही म्हणाली नाही, पण टेप तिनेच कापून दिली.

स्पष्टवक्ता_०७ | बुधवार, ९.००

आता लिहायलाच हवं. धाग्यात 'खट्टू' अजून कुणाला आठवला नाही याचं आश्चर्य वाटतं. खट्टू हा हिरमुसल्याचा धाकटा भाऊ, त्यात थोडा रुसवाही असतो. उत्साहावर विरजण पडतं, तेही राहिलं. विरजण पडलं की दुधाचं पुन्हा दूध होत नाही, इंग्रजीत असा शब्द आहे का? अवसान गळतं, हातपाय गाळतात, कंबर खचते, धीर सुटतो, तोंड एवढंसं होतं, चेहरा उतरतो. विंचू नांगी टाकतो. हताशमध्ये आशा 'हत' आहे, म्हणजे मारलेली. नाउमेद फारसीतून आला आणि इथलाच झाला.

ॲपच्या नादी लागण्यापेक्षा मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडा. १८५७ची दुसरी आवृत्ती, ऑनलाइन फुकट शोधता येते. तिथे मराठी शब्दाला इंग्रजी प्रतिशब्दांची रांग लावलेली असते. उलट्या बाजूने जा : आपला शब्द आधी ठरवा, मग त्यांचा शोधा. इंग्रजी जुनाट आहे हे लक्षात ठेवून.

घाटमाथा | बुधवार, ९.०४

काका, शिकवणीला उशिरा आलात पण पहिल्या बाकावर बसलात. +१

पाणिनीचा_शेजारी | बुधवार, १.४०

अवांतर : शेक्सपिअरच्या एका विनोदी नाटकात जाडजूड फॉल्स्टाफची फजिती होते, तेव्हा तो म्हणतो की दरबारात हे कळलं तर लोक टोमणे मारमारून मला वाळलेल्या नासपतीसारखा क्रेस्टफॉलन करतील. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीही हा शब्द फजितीशीच जोडलेला होता. सातारी, तुम्ही परंपरेतच आहात.

अंडी_उबवणी | बुधवार, १.५२

नासपतीला तुरा कुठला?

पाणिनीचा_शेजारी | बुधवार, १.५५

दादा, वाळली की देठाकडचा भाग मान टाकतो असं धरा. शेक्सपिअरने कोंबड्या पाळल्या नसतील.

सातारी_कंदी | शनिवार, रात्री ८.२०

चार दिवस डिस्पॅचमध्ये होतो. सगळ्यांचं वाचलं, दोनदा. आता ॲप तेच ठेवलंय, पण त्यातला मराठी अर्थ बोटाने झाकतो. इंग्रजी वाक्य वाचायचं आणि आपल्याकडे याला काय म्हणतील ते आधी वहीत लिहायचं. बायकोला विचारतो, ती माझ्यापेक्षा पटकन सांगते. कालचा शब्द होता 'सलन'. मी विचार करत बसलो. ती कणीक मळता मळता म्हणाली, 'फुरंगटलेला. तुमच्यासारखा.'

जर्मन क्वालिटीवाल्याला मी खरं काय ते लिहून टाकलं : क्रेस्ट शाबूत आहे, पडलं ते माझं इंग्रजी. त्याचं उत्तर आलं. त्यांच्याकडे अशा माणसाला 'गेक्निक्ट' म्हणतात म्हणे, म्हणजे वाकलेला, मोडून दुमडलेला. पुढे लिहिलं होतं की बोल्ट मात्र गेक्निक्ट नसावेत एवढी अपेक्षा. ८डी माफ.

पण किस्सा शॉपवर पसरायचा तो पसरलाच. इन्स्पेक्शनच्या पोरांनी आटे चेपलेल्या बोल्टांच्या लाल बिनवर खडूने मोठ्या अक्षरात 'क्रेस्टफॉलन' लिहून ठेवलंय. स्पेलिंग एकदम बरोबर, मध्ये जागा न सोडता. रिजेक्टेडचा टॅग त्याच्या खाली लोंबतोय. साहेबांनी परवा राउंडला बघितलं, काही बोलले नाहीत.

घाटमाथा | शनिवार, ८.३१

कस्टमर ऑडिट कधी आहे?

सातारी_कंदी | शनिवार, ८.३३

पुढच्या महिन्यात. तोच येतोय.